विडी वळणाऱ्या हातांचे आरोग्य : व्यवसायजन्य आरोग्यशास्त्रातील काही संज्ञा व त्यांचे प्रवर्तक (सिन्नरच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : व्यवसायजन्य रोग, निकोटिन, ग्राही, सह्यता, जैवनिदर्शक, जनुकविषाक्तता, धोका व जोखीम.

प्रस्तावना

नाशिक-पुणे महामार्गावरील सिन्नर हे तालुक्याचे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना यादवकालीन गोंदेश्वर मंदिरासाठी परिचित आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना ते माळेगाव व मुसळगाव येथील औद्योगिक वसाहतींमुळे ठाऊक असते. परंतु या वसाहती उभ्या राहण्यापूर्वीपासून सिन्नरची आणखी एक ओळख होती, ती विडीचे गाव म्हणून. तालुक्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो. शेतीचा भरवसा नसलेल्या अशा प्रदेशात, पावसावर अवलंबून नसलेले आणि घरात बसून करता येणारे काम म्हणून विडी वळण्याने असंख्य कुटुंबांना आधार दिला. हे काम प्रामुख्याने स्त्रियांनी केले. शासकीय नोंदींत देशातील विडी कामगारांची संख्या सुमारे ५० लाख दिली जाते व त्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे.

तंबाखू आणि आरोग्य हा विषय महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत व व्याख्यानांत येतो तो बहुधा तंबाखूचे सेवन करणाऱ्याच्या बाजूने. विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसाचे चित्र फलकावर असते. विडी वळणाऱ्या स्त्रीचे हात त्या चित्रात नसतात. तिच्या तक्रारी 'भोवळ येते', 'मळमळते', 'कंबर धरते', 'खोकला जात नाही' अशा बोलीतील शब्दांत व्यक्त होतात. या प्रत्येक तक्रारीमागे विज्ञानातील एक संज्ञा आहे, आणि त्या संज्ञेमागे कोणीतरी केलेले निरीक्षण आहे. अशा काही प्रमुख संज्ञांचा व त्यांच्याशी निगडित शास्त्रज्ञांचा परिचय करून देणे आणि त्या संज्ञा विडी कामगाराच्या बाबतीत नेमके काय सांगतात हे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'व्यवसाय कोणता?' : रामाझ्झिनी व व्यवसायजन्य रोगाची संकल्पना

जो आजार व्यक्तीच्या कामामुळे किंवा कामाच्या परिस्थितीमुळे उद्भवतो त्यास 'व्यवसायजन्य रोग' म्हणतात. या शाखेचा पाया इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी (१६३३–१७१४) यांनी घातला. मोदेना येथे अध्यापन करीत असताना १७०० मध्ये त्यांनी कारागिरांच्या रोगांवरील आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला व १७१३ मध्ये त्याची वाढविलेली आवृत्ती काढली. हिपॉक्रेटिसच्या परंपरेत वैद्याने रुग्णाला विचारावयाचे प्रश्न ठरलेले होते. रामाझ्झिनी यांनी त्यांत एका प्रश्नाची भर घातली : 'तुमचा व्यवसाय कोणता?'

या ग्रंथात तंबाखूवर काम करणाऱ्यांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. तंबाखू कुटताना व दळताना उडणाऱ्या बारीक कणांमुळे कामगारांना डोकेदुखी, भोवळ, मळमळ व शिंका यांचा त्रास होतो, इतकेच नव्हे तर जाते ओढणारे घोडेदेखील माना झटकतात व खोकतात, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले आहे. तंबाखूचे सेवन न करताही तंबाखूचा उपद्रव होऊ शकतो, ही गोष्ट अशा रीतीने तीनशे वर्षांपूर्वीच वैद्यकाच्या नोंदीत आली होती.

पुढे १७७५ मध्ये लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. विशिष्ट व्यवसायातील विशिष्ट पदार्थामुळे कर्करोग होतो हे दाखविणारे ते पहिले महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

सिन्नरच्या संदर्भात रामाझ्झिनींच्या प्रश्नाला एक वेगळेच वळण मिळते. घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीला दवाखान्यात व्यवसाय विचारला, तर ती 'घरकाम' असे सांगण्याचा संभव मोठा असतो. कारण स्वयंपाक, मुले व विड्या ही सारी कामे एकाच ओसरीवर चालतात. केसपेपरवर 'गृहिणी' अशी नोंद होताच तिच्या भोवळीचे कारण शोधण्याची वाट बंद होते. म्हणून येथे प्रश्न 'व्यवसाय कोणता?' एवढाच पुरत नाही; 'घरी बसून कोणते काम करता, दिवसाचे किती तास, आणि किती वर्षांपासून?' असा तो विस्तारावा लागतो.

निकोटिन, ग्राही व सह्यता

तंबाखूच्या वनस्पतीचे शास्त्रीय नाव निकोटियाना टॅबॅकम. पोर्तुगालमधील फ्रेंच राजदूत झाँ निको यांनी १५६० च्या सुमारास तंबाखू फ्रान्सच्या दरबारी पाठविली. त्यांच्या नावावरून कार्ल लिनीअस यांनी या प्रजातीचे नामकरण केले. १८२८ मध्ये हायडेलबर्ग येथील पोसेल्ट व रायमान या दोघांनी तंबाखूतील प्रभावी द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले व त्यास 'निकोटिन' हे नाव रूढ झाले. निकोटिन हे अल्कलॉइड वर्गातील संयुग असून त्याच्या रेणूत कार्बनचे दहा, हायड्रोजनचे चौदा व नायट्रोजनचे दोन अणू असतात. ते पाण्यात विरघळते तसेच स्निग्ध पदार्थांतही विरघळते. या दुहेरी गुणधर्मामुळेच ते त्वचेतून शरीरात प्रवेश करू शकते. या प्रवेशाच्या क्रियेस 'त्वचीय अवशोषण' म्हणतात.

विडी वळण्याची रीत येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. टेंभुर्णीची पाने वळण्याजोगी मऊ व्हावीत म्हणून भिजवून घेतली जातात, साच्याच्या मापाने कात्रीने कापली जातात, मग मांडीवरील सुपातील तंबाखू चिमटीने पानात भरून विडी वळली जाते व दोऱ्याने बांधली जाते. मजुरी हजार विड्यांमागे ठरलेली असल्याने ही कृती दिवसभरात शेकडो वेळा होते. ओलसर पान आणि तंबाखू यांचा बोटांशी सतत संपर्क येतो. ओलाव्यामुळे पदार्थ त्वचेतून शोषला जाण्यास मदत होते. त्यातच बोटाला पानाचा किंवा कात्रीचा ओरखडा असेल, तर त्वचेचा अडसर आणखी कमकुवत होतो.

शरीरात गेलेले निकोटिन काम कसे करते, या प्रश्नाने औषधशास्त्राला एक मूलभूत संज्ञा दिली. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन न्यूपोर्ट लँग्ली यांनी स्नायूंवर निकोटिन व क्युरारे या विषांचे प्रयोग केले. १९०५ मध्ये त्यांनी असा निष्कर्ष मांडला की, पेशीमध्ये या द्रव्यांना ग्रहण करणारा विशिष्ट घटक असला पाहिजे. याच सुमारास जर्मनीत पाउल एर्लिख स्वतंत्रपणे तशाच कल्पनेपर्यंत पोहोचले होते. यातून 'ग्राही' ही संकल्पना स्थिर झाली. ग्राही म्हणजे पेशीवरील अशी रचना की जिच्याशी विशिष्ट रेणूच जुळतो, कुलपाला किल्ली जुळावी तसा. चेतातंतूंमधील संदेशवहनासाठी ॲसिटिलकोलीन हे द्रव्य ज्या ग्राहींचा वापर करते, त्यांतील एका गटाशी निकोटिन जुळते. म्हणून त्या गटास 'निकोटिनी ग्राही' म्हणतात. हे ग्राही मेंदूत, स्वायत्त चेतासंस्थेत व स्नायूंत आढळत असल्याने भोवळ, मळमळ, घाम व नाडीचा वेग वाढणे अशी वरवर असंबद्ध वाटणारी लक्षणे एकत्र दिसतात.

ओल्या तंबाखूच्या पानांची तोडणी करणाऱ्या शेतमजुरांमधील अशा लक्षणसमूहाचे वर्णन अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातून १९७० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आले आणि काही वर्षांतच 'हिरव्या तंबाखूचा आजार' ही संज्ञा रूढ झाली. भारतात अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने तंबाखू कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास केला. विडीची तंबाखू वाळलेली असल्याने हिरव्या पानांची परिस्थिती जशीच्या तशी विडी कामगाराला लागू करता येणार नाही. परंतु कारक द्रव्य व शरीरातील यंत्रणा तीच आहे.

येथे 'सह्यता' ही संज्ञा कळीची ठरते. एखाद्या द्रव्याशी वारंवार संपर्क आल्यावर त्याच मात्रेला शरीराचा प्रतिसाद कमी होत जाणे म्हणजे सह्यता. नव्याने काम शिकणाऱ्या मुलीला सुरुवातीला मळमळते, पुढे ते थांबते आणि 'सवय झाली' असे घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया सांगतात. हे निरीक्षण खरे आहे. त्यावरून काढला जाणारा अर्थ मात्र चुकीचा आहे. ग्राहींचा प्रतिसाद मंदावला, एवढेच यात घडलेले असते. शरीरात जाणारे निकोटिन, आणि त्यासोबत जाणारी तंबाखूतील इतर द्रव्ये, कमी झालेली नसतात. लक्षण जाते, संपर्क राहतो.

कोटिनिन : जैवनिदर्शक

लक्षणे विश्वासार्ह नसतील तर संपर्क मोजावयाचा कसा? यासाठी 'जैवनिदर्शक' ही संकल्पना उपयोगी पडते. शरीरातील ज्या द्रव्याच्या किंवा बदलाच्या मोजमापावरून बाह्य घटकाशी आलेला संपर्क अथवा त्याचा परिणाम कळतो, त्यास जैवनिदर्शक म्हणतात. शरीरात गेलेल्या निकोटिनपैकी सुमारे ७० ते ८० टक्के भागाचे यकृतात 'कोटिनिन' या द्रव्यात रूपांतर होते. या संज्ञेच्या नामकरणातही एक गंमत आहे : निकोटिन या शब्दातील अक्षरांचा क्रम बदलून कोटिनिन हा शब्द तयार झाला आहे.

एखाद्या द्रव्याचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ म्हणजे त्याचा 'अर्धायुकाल'. निकोटिनचा अर्धायुकाल सुमारे दोन तासांचा, तर कोटिनिनचा सोळा तासांहून अधिक आहे. त्यामुळे सायंकाळी विड्या वळून उठलेल्या स्त्रीच्या मूत्रात दुसऱ्या दिवशीही कोटिनिन सापडू शकते. तिने विडी कधीही ओढलेली नसली तरी तिच्या शरीरात तंबाखू गेली होती, याचा तो पुरावा असतो.

सेवनाकडून हाताळणीकडे : खानोलकर ते भिसे

तंबाखू व कर्करोग यांच्या संबंधाच्या संशोधनात महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले गेलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. १९५५ मध्ये एल. डी. संघवी, राव व खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध दाखविणारा अभ्यास प्रसिद्ध केला. यापूर्वी १९५० मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला होता. मुंबईतील अभ्यासाचे वैशिष्ट्य असे की, येथे चघळण्याची सवय व विडी हे भारतीय वास्तव केंद्रस्थानी होते.

हे सारे संशोधन सेवन करणाऱ्यांचे होते. तंबाखू हाताळणाऱ्यांकडे लक्ष वळविणाऱ्यांत मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील डॉ. रजनी भिसे व त्यांच्या सहकाऱ्यांचे काम उल्लेखनीय आहे. १९९० च्या दशकात त्यांनी विडी वळणारे आणि तंबाखूवर प्रक्रिया करणारे कामगार यांच्या शरीरातील बदल 'जनुकविषाक्तता' या दृष्टीने तपासले. एखाद्या पदार्थाची पेशीतील आनुवंशिक द्रव्यास इजा करण्याची क्षमता म्हणजे जनुकविषाक्तता. ती तपासण्याच्या काही पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या चाचणीत विशिष्ट जिवाणूंमध्ये उत्परिवर्तन घडते का, हे पाहिले जाते. 'गुणसूत्रीय विकृती' तपासताना रक्तातील पेशींची वाढ करून सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे तुटली आहेत का, हे मोजले जाते. 'सूक्ष्मकेंद्रक' चाचणीत गालाच्या आतील पेशींमध्ये मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेले गुणसूत्रांचे तुकडे शोधले जातात. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांमध्ये गुणसूत्रीय विकृतींचे प्रमाण वाढलेले आढळले.

या निष्कर्षाचा अर्थ काळजीपूर्वक लावला पाहिजे. गुणसूत्रीय विकृती म्हणजे कर्करोग नव्हे. अनेक तुटी पेशी स्वतः दुरुस्त करते. मात्र आनुवंशिक द्रव्यावर ताण येत आहे, याची ती पूर्वसूचना असते. विशेष म्हणजे ही इजा होताना वेदना होत नाही. मळमळ सवयीने थांबते आणि गुणसूत्राची तूट जाणवत नाही. त्यामुळे 'मला काही होत नाही' हे कामगाराचे प्रामाणिक विधान शास्त्रीयदृष्ट्या अपुरे ठरते.

धूळ, श्वसन व बैठक

तंबाखू चाळताना, सुपात घेताना व साठविताना सूक्ष्म धूळ उडते. साधारणतः १० मायक्रोमीटरपेक्षा लहान कण नाक-घशात न अडकता खाली उतरू शकतात, व त्यांहून बारीक कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. श्वसनक्षमता मोजण्यासाठी इंग्लंडचे वैद्य जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये 'श्वसनमापक' या उपकरणाचे वर्णन केले आणि निरनिराळ्या व्यवसायांतील दोन हजारांवर व्यक्तींची मापे घेतली. त्याच तत्त्वावरील सुटसुटीत उपकरणे आज तालुक्याच्या ठिकाणीही वापरता येतात.

खोकल्याच्या संदर्भात एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. 'विड्या वळल्याने क्षय होतो' असे म्हटले जाते. क्षयरोगाचे कारण रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केलेला जिवाणू हेच आहे, धूळ नव्हे. तथापि कोंदट घर, दाटी, अपुरे पोषण व घरातील धूम्रपान यांमुळे त्या जिवाणूचा प्रसार होण्यास व रोग बळावण्यास वाव मिळतो. म्हणून खोकला 'धुळीचा' आहे असे गृहीत धरून थुंकीची तपासणी टाळणे जितके घातक, तितकेच केवळ क्षयाची तपासणी करून धुळीकडे दुर्लक्ष करणेही अयोग्य होय.

माणसाला काम आणि कामाला माणूस कितपत जुळतो याचा विचार करणाऱ्या शास्त्रास 'श्रमविज्ञान' म्हणता येईल. १८५७ मध्ये पोलंडचे वोइचेख यास्त्रझेंबोव्स्की यांनी या विद्येस नाव दिले. तासन्‌तास मांडी घालून, मान खाली घालून बसणे ही 'स्थिर बैठक' होय. तीत स्नायू हालत नसले तरी आखडलेले राहतात व त्यांचा रक्तपुरवठा मंदावतो. बोटांच्या अखंड हालचालींचा ताण त्यात मिळतो. पाठीला टेकू, सूप ठेवण्यास थोडी उंची आणि दर तासाला काही मिनिटे उठणे, हे उपाय खर्चिक नाहीत. परंतु मजुरी नगावर असेल तेव्हा उठण्याची किंमत कामगारालाच मोजावी लागते.

धोका व जोखीम, संभ्रमकारी घटक

मराठीत सर्रास 'धोका' हा एकच शब्द वापरला जात असला, तरी शास्त्रात दोन कल्पना वेगळ्या मानल्या जातात. पदार्थाची अपाय करण्याची अंगभूत क्षमता म्हणजे 'धोका', तर विशिष्ट परिस्थितीत तो अपाय प्रत्यक्ष घडण्याची शक्यता म्हणजे 'जोखीम'. तंबाखूतील धोका बदलता येत नाही. जोखीम मात्र हवेशीर जागा, कामानंतर साबणाने हात धुणे, तंबाखूचा साठा निजण्याच्या व स्वयंपाकाच्या जागेपासून दूर ठेवणे, गरोदर स्त्रिया व मुले यांना या कामापासून दूर ठेवणे अशा उपायांनी कमी करता येते. गरोदरपणाचा उल्लेख येथे विशेषत्वाने करावा लागतो, कारण निकोटिन वारेतून गर्भापर्यंत व दुधातून अर्भकापर्यंत पोहोचते.

व्यवसाय व आजार यांचा संबंध जोडताना 'संभ्रमकारी घटक' विसरता येत नाहीत. महाराष्ट्रातील अनेक स्त्रिया मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच असल्याने मूत्रात सापडलेले कोटिनिन विड्यांमुळे की मशेरीमुळे, हे वेगळे करावे लागते. चुलीचा धूरही असाच घटक होय. दुसरा मुद्दा निवडीचा आहे. कारखान्यांत आजारी कामगार काम सोडून जातात, त्यामुळे उरलेले कामगार प्रत्यक्षाहून निरोगी भासतात. यास 'निरोगी कामगार परिणाम' म्हणतात. विडीच्या बाबतीत उलटेही संभवते. शेतातील कष्ट न झेपणाऱ्या, वृद्ध वा आजारी स्त्रिया बैठे काम म्हणून विडीकडे वळतात. अशा वेळी आजार आधी की विडी आधी, हे तपासले नाही तर अभ्यासाचा निष्कर्ष फसतो.

ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये व्यवसायजन्य वैद्यकाच्या विभागासमोर दिलेल्या व्याख्यानात साहचर्यावरून कार्यकारणभावाकडे जाण्यासाठी नऊ कसोट्या सुचविल्या. कारण परिणामाच्या आधी घडले पाहिजे, संपर्क वाढेल तसा परिणाम वाढतो का हे पाहावे, अनेक अभ्यासांत तोच निष्कर्ष यावा, या त्यांतील प्रमुख होत. पुराव्याची अपूर्णता हे उपाय पुढे ढकलण्याचे निमित्त होऊ नये, हेही त्यांनी तेथेच बजावले.

संज्ञा व कायदा

विडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा १९६६ मध्ये झाला. कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणाऱ्या कामगारांनाही त्याने 'कामगार' या संज्ञेत स्थान दिले. त्यातील तरतुदी पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत समाविष्ट करण्यात आल्या. १९७६ च्या कायद्यांन्वये विडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभारण्यात आला. वस्तू व सेवा कर लागू झाला त्या वर्षी, २०१७ मध्ये, तो उपकर रद्द झाला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या अधिसूचनीय रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस यांची नावे आली. तंबाखूच्या हाताळणीतून होणाऱ्या आजाराला तेथे स्वतंत्र नाव मिळाले नाही. ज्या आजाराला नाव नाही त्याची नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याची भरपाई मागता येत नाही.

तंबाखू उत्पादनांच्या वेष्टनावर चित्ररूप इशारा ३१ मे २००९ पासून अनिवार्य झाला. विडीच्या बंडलावरील हा इशारा ओढणाऱ्यासाठी आहे. जिच्या हातून ते बंडल तयार होते तिच्यासाठी सुपावर कोणताही इशारा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण आराखडा करारास भारताने २००४ मध्ये मान्यता दिली. त्यातील १७ वे कलम तंबाखू कामगारांच्या पर्यायी उपजीविकेविषयी, तर १८ वे कलम तंबाखूच्या लागवडीत व निर्मितीत गुंतलेल्या व्यक्तींच्या आरोग्याविषयी आहे. ही दोन्ही कलमे एकत्र वाचावी लागतात. काम घातक आहे एवढेच सांगून पर्याय न देणे हे रोजीरोटीवर घाव घालणारे ठरेल. आणि रोजीरोटीच्या नावाखाली आरोग्याविषयी मौन पाळणे हे त्याहून वेगळे नाही.

समारोप

वरील विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. व्यवसायजन्य रोग, सह्यता, कोटिनिन, जनुकविषाक्तता, जोखीम या संज्ञा केवळ परीक्षेत लिहावयाच्या व्याख्या नाहीत. डोळ्यांना न दिसणारा व शरीराला न जाणवणारा अपाय दृष्टीस आणण्याची ती साधने आहेत. रसायनशास्त्राच्या अध्यापकाने निकोटिन शिकविताना, प्राणिशास्त्राच्या अध्यापकाने गुणसूत्रे दाखविताना, अर्थशास्त्राच्या अध्यापकाने नगावरील मजुरी समजावताना आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आरोग्य पाहणीची प्रश्नावली तयार करताना सिन्नरची ओसरी हे जवळचे व जिवंत उदाहरण ठरू शकते. त्या प्रश्नावलीत 'व्यवसाय' या रकान्यापुढे 'गृहिणी' असे लिहून थांबण्यापूर्वी घरातील कामाविषयी आणखी एक प्रश्न विचारला गेला, तर रामाझ्झिनींनी तीन शतकांपूर्वी सुरू केलेले काम या परिसरात एक पाऊल पुढे जाईल.